गोळी पोटात गेली, पण रक्तात पोहोचली का?

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"आदिवासी भागातील आरोग्यकार्य" असा विषय मला दिला आहे. तो एवढा मोठा आहे की अर्ध्या तासात त्याला न्याय देणे कठीण. म्हणून मी त्यातली एकच लहानशी गोष्ट आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ती गोष्ट म्हणजे लोहाची गोळी, आणि त्या गोळीबरोबर आपण काय खातो-पितो ते.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरपाड्यांवर मी काम करते. तिथे भिल्ल, पावरा, मावची बांधव राहतात. हितचिंतक भेटले की नेहमी एक प्रश्न विचारतात, "ताई, सरकार गोळ्या फुकट देते, संस्था शिबिरे घेते, आम्हीही यथाशक्ती देणगी देतो. मग या बायांच्या अंगात रक्त का भरत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याला अनेक उत्तरे आहेत, पण एक उत्तर चुलीजवळ ठेवलेल्या चहाच्या भांड्यात आहे.

प्रश्न किती मोठा आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा ५४ टक्क्यांच्या पुढे आहे, आणि आदिवासी भगिनींमध्ये सरासरीपेक्षाही जास्त. गर्भवती स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात आणि ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय. अशा बाईला बाळंतपणात इतर बाईइतकाच रक्तस्राव झाला, तरी तो तिच्या जिवावर बेततो. पाड्यावरून गाडीरस्त्यापर्यंत झोळीत आणावे लागते तिथे तर विचारूच नका.

यासाठी २०१८ पासून "ॲनिमियामुक्त भारत" कार्यक्रम चालू आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. आशाताई ती घरपोच देते. म्हणजे गोळी डोंगर चढून बाईच्या हातापर्यंत येते. पुढचा प्रवास वीतभरच उरतो, हातापासून तोंडापर्यंत आणि तोंडापासून आतड्यापर्यंत. पण आपली मेहनत वाया जाते ती नेमकी याच वीतभर अंतरात.

चहाचे काय करायचे?

आपल्या शरीरात लोह बाहेर टाकण्याची सोय जवळजवळ नाही. रक्त गेले तरच ते मोठ्या प्रमाणात जाते. म्हणून देवाने पहारा आत येण्याच्या दारावर ठेवला आहे. जठराच्या लगेच पुढे लहान आतड्याचा जो पहिला भाग आहे, तिथे लोह आत घेतले जाते, आणि तेही मोजून-मापून. धान्य-भाजीपाल्यातल्या लोहाचा लहानसा वाटाच रक्तात जातो, बाकीचे तसेच बाहेर पडते. गोळीतले लोहदेखील सगळे शोषले जात नाही. आता या दारात कोण आडवा येतो आणि कोण हात धरून आत नेतो, हे पाहिले पाहिजे.

आडवा येणाऱ्यांत पहिला चहा. चहात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. जिभेला तुरटपणा जाणवतो तो त्याचाच. हा टॅनिन लोहाला पकडून ठेवतो आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. जेवणाबरोबर कपभर चहा घेतला, तर त्या जेवणातल्या धान्य-भाजीच्या लोहाचे शोषण निम्म्याहून खाली येऊ शकते. कॉफीही हेच करते, चहापेक्षा थोडे कमी.

आमच्या पाड्यांवर दूध कमी, म्हणून चहा कोरा. सकाळी उठल्यावर कोरा चहा, शेतावर निघताना चहा, दुपारी भाकरीबरोबर कालवण नसेल तर भाकरी चहात बुडवून. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे पहाटेच्या अंधारात पोटाला आधार असतो तो चहाचाच. चहाने भूक मरते, ही गरिबाच्या दृष्टीने त्याची सोयच आहे. त्यामुळे "चहा सोडा" असे सांगणे मला पटत नाही आणि ते कोणी ऐकतही नाही.

एका पाड्यावरची गोष्ट सांगते. पाचव्या महिन्यातल्या एका बहिणीचे हिमोग्लोबिन आठच्या आसपास होते. गोळ्या ती नियमित घेत होती. रिकामी पाकिटे तिने छपराच्या वाशात खोचून ठेवली होती, ती मी स्वतः मोजली. तरी दोन महिन्यांत आकडा हलला नव्हता. विचारता विचारता कळले की "रोज सकाळी एक" असे तिला सांगितले होते, आणि सकाळी घरात होणारी पहिली गोष्ट म्हणजे चहा. ती गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळत होती. मी तिच्या सासूला म्हटले, "आजी, गोळीच्या वेळी चहा नको." आजी म्हणाली, "ताई, चहा नाही प्याली तर ही उठणार कशी आणि पाणी आणणार कशी?"

आजीचे खरेच होते. म्हणून आम्ही चहा हलवला नाही, गोळी हलवली. रात्री जेवण झाल्यावर तासाभराने, निजायच्या आधी, साध्या पाण्याबरोबर. आणि घरामागच्या लिंबाची एक फोड त्या पाण्यात पिळायची. रात्री घेतल्याने आणखी एक फायदा झाला. गोळीने जी मळमळ होते ती झोपेत निघून गेली. त्याच सुमारास नर्सबाईंनी तिला जंताचे औषधही दिले होते, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या लिंबाला किंवा वेळेला मी देणार नाही. पण नवव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन दहाच्या वर गेले होते, आणि ती दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली.

तेव्हा नियम असा लक्षात ठेवा: लोहाच्या गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नाही. बाकी वेळी खुशाल घ्या. कोणी विचारते, "कोऱ्या चहात लिंबू पिळले तर चालेल का?" लिंबू थोडी भरपाई करील, पण टॅनिन तिथेच राहते. गोळीसाठी पाणीच बरे.

दूध आणि कॅल्शियम

दुसरा अडथळा आपल्यासारख्या शहरातल्या घरांत जास्त दिसतो. सूनबाईला गोळी कडवट लागते, म्हणून सासूबाई प्रेमाने पेलाभर दूध देतात. दूध उत्तम अन्न आहे, पण दुधातले कॅल्शियम लोहाची वाट अडवते. म्हणून दूध वेगळ्या वेळी द्यावे.

हीच गोष्ट कॅल्शियमच्या गोळीची. गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. लाल आणि पांढरी गोळी एकदमच गिळून मोकळे होण्याची सवय सगळीकडे आहे. तसे करू नये. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर चांगली शोषली जाते, कारण जेवताना जठरात आम्ल तयार होते. म्हणून एक सकाळच्या खाण्याबरोबर, दुसरी दुपारच्या जेवणाबरोबर, आणि लोहाची रात्री. दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. दोन कॅल्शियमच्या गोळ्याही एकदम घेऊ नयेत. शरीर एका वेळी थोडेच घेते.

आम्लपित्तावरच्या औषधांनीही लोहाचे शोषण कमी होते. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे.

हात धरून नेणारे सोबती

आता लोहाला मदत कोण करते ते पाहू. पहिले नाव क जीवनसत्त्वाचे. ते लोहाचे रूप बदलून आतड्याला घेता येईल असे करते. आणि ही वस्तू आमच्या डोंगरात विकत घ्यावी लागत नाही. आवळा आहे, लिंबू आहे. पेरूमध्ये तर संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते. फक्त एक ध्यानात ठेवावे की उष्णतेने ते नष्ट होते. म्हणून लिंबू डाळीत उकळायचे नाही, ताटात वाढल्यावर पिळायचे. भाजी फार वेळ शिजवून तिचे पाणी ओतून द्यायचे नाही.

दुसरा सोबती म्हणजे मासे आणि मांस. त्यांच्यातले लोह तर सहज शोषले जातेच, शिवाय त्याच ताटातल्या भाजी-भाकरीतले लोहही ते जास्त शोषले जाऊ देतात. नदीतले मासे, खेकडे, आठवडे बाजारातले सुकट मूठभर जरी भाजीत पडले तरी भाकरीचे मोल वाढते. आपले लोक जे पूर्वापार खात आले त्याला कोणी हलके समजू नये. कित्येकदा शहरातून आलेला पाहुणाच त्यांना त्या अन्नाची लाज वाटायला लावतो.

तिसरी गोष्ट भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे. ज्वारी, मका, नाचणी, कडधान्ये यांच्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तोही लोह आणि जस्त धरून ठेवतो. धान्य भिजवले, मोड आणले, पीठ आंबवले की त्याचा जोर कमी होतो. मोड आलेली मटकी, नाचणीचे सत्त्व, आंबील हे सगळे आपल्या आजी-पणजीला माहीत होते. त्यामागचे कारण आज आपल्याला कळते, एवढाच फरक.

आणि चौथी, लोखंडी कढई. आंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली की कढईतले थोडे लोह भाजीत उतरते. ॲल्युमिनियमची हलकी भांडी आली आणि ही कढई माळ्यावर गेली. ती खाली काढली पाहिजे.

तेलाचा एक चमचा

सगळी जीवनसत्त्वे पाण्यात विरघळत नाहीत. अ, ड, ई आणि के ही चार स्निग्ध पदार्थांत विरघळतात. म्हणजे शेवग्याचा पाला, भोपळा, पपई यांतून मिळणारे अ जीवनसत्त्व शरीरात जायला त्याच जेवणात थोडे तेल-तूप हवे. नुसत्या मीठ-मिरचीत उकडलेल्या पालेभाजीत अ जीवनसत्त्वाचा मालमसाला भरपूर असतो, पण बाळाला त्याचा पुरता उपयोग होत नाही. भाजीत चमचाभर तेल, किंवा शेंगदाण्याचे कूट पडले पाहिजे. आमच्याकडे मोहाच्या बियांचे तेल घरोघरी काढतात, तेही चालते.

नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी बाळाला अ जीवनसत्त्वाचे जे नऊ डोस देतात, ते तेलकट असतात ते यामुळेच. ते एकही चुकवू नयेत. आपल्यापैकी जे ड जीवनसत्त्वाची गोळी किंवा पुडी घेतात त्यांनी ती उपाशीपोटी न घेता मुख्य जेवणाबरोबर घ्यावी.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींसाठी दोन शब्द. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतात. तिच्यापासून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होऊ शकते; हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासणी करून घ्यावी.

दारूबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दारूमुळे फॉलिक ॲसिड आणि बी-१ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. दारूने संसार उद्ध्वस्त होतो हे आपण जाणतोच. त्या माणसाच्या ताटात उरलेसुरले जे अन्न आहे तेही त्याच्या अंगी लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, आणि आमच्या भागात सर्वांत महत्त्वाची: सिकलसेल. हा आजार आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी असते ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह कमी आहे म्हणून असतेच असे नाही. त्यांना फॉलिक ॲसिड देतात, पण लोह डॉक्टर सांगतील तरच, कारण वारंवार रक्त द्यावे लागले तर शरीरात लोह साठत जाते. म्हणून चेहरा फिकट दिसला की गोळी दिली, असे कोणत्याही कार्यकर्त्याने करू नये. आधी तपासणी करावी.

दुसरी गोष्ट, गोळीने शौचाला काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गोळीने बाळ काळे होते किंवा पोटात फार मोठे होते, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे, आणि या गैरसमजापोटी किती गोळ्या चुलीत गेल्या असतील याची गणती नाही.

तिसरी गोष्ट, एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. दुप्पट गोळीने दुप्पट रक्त वाढत नाही, पोट मात्र बिघडते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. रक्त भरून यायला महिने लागतात, म्हणूनच १८० दिवसांचा हिशोब आहे.

चौथी गोष्ट, गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. लाल रंगामुळे मुलांना त्या खाऊ वाटतात, आणि मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

पाचवी, जंत. अंकुशकृमी आतड्यातून रक्त पितो. फुटक्या घागरीत पाणी भरावे तसे होते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. त्या दिवशी मुले शाळेत, अंगणवाडीत हजर राहतील हे पाहावे. पायात चप्पल आणि घरी शौचालय ही त्याचीच पुढची पायरी.

आपण काय करू शकतो

मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपल्याला परिचित आहे. तिथे बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे, आणि बारा वर्षांची याईराची मुलगी आहे. आज निळी आणि लाल गोळी ज्यांना देतात त्याच या दोघी. मुलगी उठून चालू लागल्यावर सगळे आश्चर्याने पाहत राहिले. प्रभूने मात्र तिला खायला द्या असे सांगितले. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही तिच्या जेवणाची आठवण त्याला राहिली, ही गोष्ट मला माझ्या कामात फार धीर देते.

तेव्हा आपल्याला माझ्या चार विनंत्या आहेत.

नाताळात आपण गावोगावी भेटीच्या पिशव्या पाठवता. त्यात चहापूड, साखर आणि बिस्किटे असतात. देणाऱ्याचे मन मोठे आहे, त्याबद्दल मी ऋणी आहे. पुढच्या नाताळात त्याच पैशांत शेंगदाणे, डाळ, तेलाची पिशवी आणि जमल्यास प्रत्येक गर्भवतीच्या घरी एक लोखंडी कढई देता येईल का, याचा विचार करावा.

पावसाळ्यात आमच्याकडे रोपे लावायला या, किंवा रोपांचा खर्च उचला. प्रत्येक चर्चच्या आणि अंगणवाडीच्या अंगणात एक लिंबू, एक आवळा, एक पेरू आणि शेवग्याचे दोन फाटे. शेवगा तर फांदी खोचली तरी जगतो.

महिला मंडळाच्या बैठकीत जेवण असेल तेव्हा चहा तासाभराने द्यावा, जेवणात लिंबाची फोड वाढावी. राज्य सरकारच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. तिथेही आमच्या भगिनी हीच लिंबाची फोड पोहोचवत आहेत. ही सवय इथे शहरातल्या मंडळीतही लागावी, कारण रक्तक्षय काही फक्त डोंगरात नाही.

आणि शेवटची विनंती, आपल्या घरी धुणे-भांडी करायला येणाऱ्या बाईला, शेतावरच्या मजुराच्या बायकोला, आपल्या लेकीसुनांना एकदा सहज विचारा, "गोळी कशाबरोबर घेतेस?" याला पैसे लागत नाहीत, पदवी लागत नाही. उत्तर "चहाबरोबर" आले, तर पुढे काय सांगायचे ते आता आपल्याला ठाऊक आहे.